व्याह्यांकडे गेलेला गिअरबॉक्स

आंजी (मोठी)
८ सप्टेंबर २०२५

आमचे व्याही पुंडलिकराव यांना आंजीहून रामराम.

फोनच करणार होतो. पण गेल्या वेळी फोनवर मी आमच्या सौ. रुख्माबाईचा दात काढल्याचं सांगितलं, त्यावर तुम्ही "हो हो, छान झालं" म्हणालात. ती अजून रागात आहे. बेचाळीस वर्षं ट्रकच्या इंजिनाला कान लावून काढल्यावर कानांचं काय होणार ते मी समजू शकतो, म्हणून यापुढे लिहूनच कळवीन. आपल्या श्रावणचा भाजीचा टेम्पो आठवड्यातून दोनदा जामच्या ढाब्यांवर येतोच, चिठ्ठ्या तोच नेईल-आणील.

त्याच टेम्पोत वांग्यांच्या क्रेटमागे पोत्यात गुंडाळलेलं जे धूड आलं आहे, तो गिअरबॉक्स आहे. आमच्या शेडमधली हिरवी अमेरिकन गाडी तुम्ही काजलच्या लग्नात पाहिली आहे. तुमच्याकडच्या मंडळींनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले होते. गाडी बासष्ट सालची. वडील कापसाच्या जिनिंगच्या शेठकडे ड्रायव्हर होते. जिनिंग बंद पडलं तेव्हा शेठने ती वडिलांनाच देऊन टाकली. तिला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. इंजिन तुम्ही उन्हाळ्यात चालू करून दिलंत, पण गिअर टाकला की ते नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. म्हणजे दुखणं गिअरबॉक्समध्ये आहे.

मला ही गाडी का पाहिजे ते सांगतो. मी ट्रॉलीवरून पडलो त्याला सहा वर्षं झाली. डावा गुडघा वाकत नाही, क्लच दाबता येत नाही, म्हणून ट्रॅक्टर सुटला आणि जीपही सुटली. आता आमचा रोशन, म्हणजे तुमचा जावई, मला मोटरसायकलवर मागे बसवतो, दवाखान्यात उतरवतो, पुन्हा उचलतो. मधे कुठं कुणाशी दोन शब्द बोलायला थांबायची सोय नाही. तुमची काजल म्हणाली, "मामाजी, नवीन ऑटोमॅटिक घेऊन टाका नं." घेतली तर ती रोशनच चालवणार, हे तिलाही ठाऊक आहे. ही गाडी मात्र माझी आहे आणि तिला एकच पाय पुरतो. मला पुन्हा एकदा स्वतः कुठंतरी जायचं आहे.

रोशनने मुदत दिली आहे. म्हणाला, "दिवाळीपर्यंत चालली तं चालली. नाई तं मले ठिबकच्या नळ्या ठेवायले शेड पायजे. भंगारवाल्याले सांगून ठेवलं मी."

असे गिअरबॉक्स तुम्ही उघडलेले आहेत ना?

तुमचा,
लक्ष्मणराव

---

जाम
१३ सप्टेंबर

लक्ष्मणराव,

उघडलेले आहेत ना, असं विचारता? मी जामच्या चौकात बसलेलो आहे. नागपूरहून हैदराबादला आणि चंद्रपूरला जाणारं जे जे काही या चौकात बंद पडलं, ते माझ्या हाताखालून गेलं आहे. यापुढे असे प्रश्न टाळा.

तुमचा डबा उघडला. रबराच्या सीलांचे पापड झाले आहेत, हातात मोडतात. पोलादी चकत्या काळ्यानिळ्या पडल्या आहेत. त्यांच्या मधे अस्तर लावलेल्या चकत्या असतात, त्या बऱ्या दिसतात. पट्टे दोन आहेत: एक चांगला आणि एक, रिव्हर्सचा, झिजलेला. माझं मत विचाराल तर आतलं झाडून सगळं नवीन टाकायचं. जुनंच पुसून परत घालणं हे माझ्या दुकानात होत नाही.

वांगी चांगली होती. काजलला सांगा, आईचं बरं आहे.

पुंडलिकराव

---

आंजी (मोठी)
१७ सप्टेंबर

पुंडलिकरावांना रामराम.

तुमच्या दुकानाची शिस्त मोडायची माझी इच्छा नाही. पण जे टिकण्यासारखं असेल ते राहू द्या, एवढी विनंती. वडील म्हणायचे, या गाडीला स्वतःची एक चाल आहे. मी तिच्याच स्टिअरिंगवर लहानाचा मोठा झालो, माझा हात तिच्यावर बसलेला आहे. आतलं सगळं बदललं तर ती मला ओळखणार नाही, आणि मग मी एका पायावर काय करणार?

रोशन काल शेडची मापं घेत होता.

लक्ष्मणराव

---

जाम
२७ सप्टेंबर

लक्ष्मणराव,

तुमच्या मनासारखं झालं. नवीन सामान मिळतच नाही. नागपूरच्या ओळखीच्या पार्टवाल्याने फोटो तीन शहरांत पाठवले. एकाने विचारलं, हे कोणत्या म्युझियमचं आहे. सील तेवढी एका कारागिराने मापाने नवीन करून दिली, कारण जुनं रबर कुणीही परत घालू नये, तुम्ही हात जोडलेत तरीही. बाकी सगळं जुनंच.

पण जुनं घालायचं म्हणजे उचललं आणि कोंबलं असं नसतं. प्रत्येक पोलादी चकती मी काचेवर ठेवून पाहिली. जी डुगडुगली नाही ती पास. तिला पॉलिश पेपर मारला. अस्तराच्या चकत्या तेलात घालायच्या आहेत. सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तेलाच्या पंपाची दोन चाकं, एकात एक फिरणारी. गाडी चालली तेवढी वर्षं ती एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाची झाली आहेत. जी बाजू वर होती तीच वर यायला पाहिजे. उलटी बसली तर दोन्ही एकमेकांना खातील आणि पंप संपला.

म्हणून सगळे भाग मी दुकानातल्या टेबलावर पेपर अंथरून, निघाले त्याच क्रमाने मांडले आहेत. प्रत्येकापुढे खडूने नंबर आणि पंपाच्या चाकांवर खूण केली आहे. त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही असं घरात बजावलं आहे. नवमी झाली की जोडायला घेतो. चार दिवसांचं काम.

पुंडलिकराव

---

आंजी (मोठी)
८ ऑक्टोबर

पुंडलिकरावांना नम्र रामराम.

नवमी होऊन आठवडा झाला. तुमची चिठ्ठी नाही. श्रावण म्हणतो, तुम्ही दाढी वाढवून बंद दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होतात, त्याला बैस म्हणाला नाहीत, आणि विहीणबाई त्याला पाहून पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी समजायचं ते समजलो. रुख्माबाई तर लगेच तुमच्याबद्दल म्हणाली, "इवायाले शर्टपीसचं कळलं वाटते."

तर मीच सांगून टाकतो. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला आम्ही तुम्हाला जो शर्टपीस-पँटपीस दिला, राखाडी, बारीक रेघांचा, तो आम्हाला रुख्माबाईचे भाऊ महादेवराव यांच्याकडून आलेला होता. घडी आम्ही मोडली नव्हती, फक्त पिशवी बदलली होती. कापड चांगलं होतं म्हणूनच दिलं, एवढं तरी माना. व्याह्यांना दुसऱ्याचा आहेर फिरवावा हे चुकलंच.

सोबत दहा किलो वांगी आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या पाठवत आहे. राग गिअरबॉक्सवर काढू नये.

तुमचा अपराधी,
लक्ष्मणराव

---

आंजी (मोठी)
१२ ऑक्टोबर

पुंडलिकराव,

अजून उत्तर नाही. म्हणजे शर्टपीस नव्हे. रुख्माबाई आणि मी काल बसून सगळं लग्न पहिल्यापासून आठवून पाहिलं. मग ते जिलेबीचं असणार.

तुमचे थोरले बंधू वासुदेवराव दुसऱ्यांदा जिलेबी मागत होते तेव्हा आम्ही संपली म्हणून सांगितलं. ती संपली नव्हती. मधल्या खोलीत एक पातेलं आमच्या घरच्या लोकांसाठी झाकून ठेवलं होतं आणि दाराला पाठ लावून मी स्वतः उभा होतो. वासुदेवराव माझ्याशी दहा मिनिटं पावसापाण्याचं बोलले. मला सगळा वेळ पाकाचा वास येत होता. त्यांनाही आला असेल.

आणखी काही असेल तर तुम्हीच सांगा, आम्हाला आठवत नाही. चवळीच्या शेंगा आणि दोन लाल भोपळे पाठवतो. भंगारवाला कालच येऊन गाडीला बोटाने टकटक करून गेला. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

लक्ष्मणराव

---

जाम
१४ ऑक्टोबर

लक्ष्मणराव,

थांबा. आणखी काहीही कबूल करू नका. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

वासुदेवभाऊला मी सांगणार नाही. त्याला शुगर आहे. जिलेबी संपली म्हणूनच त्या दिवशी तो धड घरी पोचला. शर्टपीस मी शिवलाच नाही. मागच्या वर्षी महादेवरावांच्या वास्तूला आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा आमच्या धुरपताने तोच त्यांना आहेर म्हणून दिला. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती छातीशी धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, गहिवरले.

आता माझं ऐका. नवमीच्या सकाळी मी समुद्रपूरला एका बंद पडलेल्या ट्रकवर गेलो होतो. धुरपता दरवर्षी दुकानातल्या हत्यारांची पूजा मांडते. पाने, पक्कड, जॅक, आणि घरातले विळा, खलबत्ता, सोऱ्या असं सगळं. यंदा तिनं टेबल पाहिलं. देवापुढं असं काळंतेलकट ठेवायचं कसं, म्हणून तिनं तुमच्या गिअरबॉक्सचा एकेक भाग साबणाने घासला, उन्हात वाळवला, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत गोल गोल मांडला. वर हळदकुंकू. मधोमध झेंडू. अस्तराच्या चकत्या तेवढ्या तिनं नुसत्या फडक्याने पुसल्या, कागदासारख्या दिसतात म्हणून. ते नशीब. पाणी लागलं असतं तर अस्तर सुटलं असतं.

मी दारात उभा. ती म्हणाली, "पाह्यलं का, कसं लखलखून राह्यलं! तुमच्यानं बेचाळीस वर्षांत एवढं साफ झालं नसन."

"टेबलाले हात लावू नोको म्हणलं होतं नं तुले?"

"मंग पूजेले हात न लावता कशी करू?"

यावर उत्तर आहे का? खडूचे नंबर गेले, चाकांवरची खूण गेली, खालचा पेपर तिनं शेंगदाणे बांधायला घेतला.

आणि आता खरं सांगतो, कारण तुम्ही जिलेबीपर्यंत आलात आणि मी मात्र गप्प बसलो हे बरं नाही. असा गिअरबॉक्स मी आयुष्यात कधीच उघडलेला नाही. तुमचाच पहिला. म्हणून त्या क्रमाला एवढा जपत होतो. दुसऱ्या कुणाचा असता तर तोंडावर नाही म्हटलं असतं, पण मुलीच्या सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की मला येत नाही? आठ दिवस दुकान बंद ठेवून त्या आरासीकडे पाहत बसलो होतो. धुरपता पदर लावून आत जाते ती माझ्या भीतीने नाही, तिला रडू येतं म्हणून.

शेवटी तिथंच बसून एकेक भाग जुळवत गेलो. चकती जिथं घासली तिथं तिच्या अंगावर रेघ आहे, आणि समोरच्या भागावर तशीच दुसरी रेघ. पाच दिवस लागले, पण सगळं आपापल्या जागी गेलं. राहिली पंपाची दोन चाकं. ती चार तऱ्हेने बसतात आणि एकच बरोबर. डोळ्याला फरक कळेना. फिरवून ऐकलं की कळलं असतं, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत.

धुरपता मागे उभी होती. म्हणाली, "सरका. जात्याची तळी बसवताना पाह्यत नसतात, आइकत असतात." खाली बसली, पंप मांडीवर घेतला, कान लावला आणि बोटाने चाक फिरवलं. "हे नाई. खरखर करते." उलटं केलं. "हे बी नाई." तिसऱ्या वेळी नाही म्हणून नुसती मान हलवली. चौथ्या वेळी थांबली, पुन्हा फिरवलं. "हे. हे गुपचूप फिरून राह्यलं." त्यानंतर मी कशालाही हात लावला नाही, तसंच घट्ट केलं.

डबा काल बंद झाला. धुरपता दिवाळीच्या फराळाला लागली आहे. माझ्यावर विश्वास उरला असेल तर येऊन बसवून देतो. नसेल तर श्रावणबरोबर परत पाठवतो, राग नाही.

पुंडलिकराव

---

आंजी (मोठी)
१९ ऑक्टोबर

पुंडलिकराव,

डबा परत पाठवायचा नाही. तुम्ही दोघांनीच येऊन बसवायचा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रुख्माबाईने महादेवरावांचा भाग वाचला आणि ती अजून हसत आहे. पण आता माझीही पाळी आली. माझा हात त्या गाडीवर बसलेला आहे असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी ती गाडी एकदाही चालवलेली नाही.

वडील मला पुसायला द्यायचे, चालवायला नाही. चाळिशीला टेकलो, पोरगा शाळेत जायला लागला, तरी म्हणायचे, "तू मांगं बस." ते गेले त्याच पावसाळ्यात गाडी बंद पडली. मग रोशन मोठा झाला, माझा पाय गेला, आणि आता तोही तेच म्हणतो. पुंडलिकराव, मी आधी बापाच्या मागे बसलो आणि आता पोराच्या मागे बसतो. पुढं बसायची पाळी कधी येऊन गेली ते मला कळलंच नाही. हे मी रुख्माबाईलाही कधी बोललो नव्हतो. तुम्ही कबूल केलंत म्हणून लिहायला जमलं.

रोशनने भंगारवाल्याला पाडव्याचा वायदा दिला आहे.

लक्ष्मणराव

ता. क. फराळ मिळाला. करंज्या अप्रतिम. शेव जरा वेगळी वाटली: जाडबारीक, आणि वासाला भारदस्त. रुख्माबाई म्हणाली ओवा जास्त झाला असेल. व्याह्यांकडची म्हणून मी दोन वाट्या संपवल्या.

---

जाम
२० ऑक्टोबर

लक्ष्मणराव,

शेव खाऊ नका. कुणालाच देऊ नका, कोंबड्यांनाही.

तुमचा ताजा कलम वाचून धुरपताने सोऱ्या उघडला. आत तुमच्या गिअरबॉक्सची तेल गाळायची जाळी निघाली. दोन्ही चकत्या पितळी, दोन्हींना भोकं, मापात उन्नीस-बीस, आणि पूजेत शेजारी शेजारी बसलेल्या. म्हणजे तिची शेवेची चकती कुठं आहे ते मला त्याच क्षणी समजलं. मीच बसवली होती, चार बोल्टांनी.

ऐन दिवाळीत डबा पुन्हा उघडतो आहे. एक मात्र आधीच सांगतो, म्हणजे नंतर बोल नको. रिव्हर्सचा झिजलेला पट्टा बदलायला काही मिळालं नाही, तोच घातला आहे. गाडी पुढे जाईल. मागे येईल याची हमी देत नाही.

आम्ही रविवारी, दोन तारखेला येतो. रोशनला म्हणा, भंगारवाल्याला थांबव, तुझ्या सासऱ्याने सांगितलं आहे. जावई अजून सासऱ्याचं ऐकतात असं मी धरून चाललो आहे. तुमचं पोट कसं आहे ते श्रावणजवळ कळवा. धुरपता जेवलेली नाही.

पुंडलिकराव

---

आंजी (मोठी)
१० नोव्हेंबर

पुंडलिकराव आणि धुरपताबाई, दोघांनाही रामराम.

पोट उत्तम आहे. रुख्माबाई म्हणते, आतून तेलपाणी झालं.

त्या रविवारी तुम्ही दोघं बसवून गेलात, अंगणात गाडी वीस हात पुढे गेली आणि आपण सगळे ओरडलो, तिथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. आता पुढचं सांगतो. गाडी मागे येत नाही. अजिबात नाही. दोन दिवस चौघांनी ढकलून आत घेतली. तिसऱ्या दिवशी मी शेडची मागची पत्र्याची भिंतच काढून टाकली. आता एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. ठिबकच्या नळ्या ओसरीवर आल्या आहेत. रोशन त्यांना अडखळतो आणि ओलांडून जातो.

सुरुवातीला त्याने मला गावाबाहेर जाऊ दिलं नाही. मी मारुतीच्या देवळापर्यंत जायचो आणि तो मोटरसायकलवर पुढे राहून लोकांना बाजूला करायचा. मग शनिवारी विहिरीवरची मोटर जळाली. नालवाडीला वाइंडिंगवाल्याकडे न्यायची होती आणि श्रावणचा टेम्पो तुमच्याकडे आलेला. रोशन बराच वेळ अंगणात उभा होता. मग मोटर उचलून त्याने आपणच गाडीच्या डिकीत ठेवली, माझ्या शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि बसला.

जाताना त्याने एक मिनिट चैन पडू दिली नाही. "बाबा, हळू. बाबा, गाय हाय. बाबा, ब्रेक. बाबा, तो येऊन राह्यला समोरून." दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरून बसला होता. नालवाडीत वाइंडिंगवाला गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "काका, तुम्हीच चालवता?" मी हो म्हटलं. रोशनने डिकी उघडली.

मोटर तिथं ठेवून परत निघालो. वर्धा मागे पडलं. गाडी तुम्ही दोघांनी इतकी मऊ केली आहे की गिअर कधी बदलतो ते कळतही नाही. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की सूचना बंद झाल्या आहेत. मला वाटलं, काही चुकलं आणि तो रागावला. एक नजर टाकली.

रोशन झोपला होता. मान काचेला टेकलेली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सोडलेले. गेला आठवडाभर तो पहाटे उठून पाणी देत होता, मोटर जळाली तेव्हा तर रात्र तशीच गेली होती. पण नुसता थकवा म्हणून माणूस असा झोपत नाही. सहा वर्षांत त्याने मला एकट्याने रस्ता ओलांडू दिला नव्हता, पुंडलिकराव. आणि आता मी चालवतो आहे आणि तो बाजूला घोरतो आहे. मी गाडी आणखी हळू केली.

आंजी आलं. आपल्या घराचं वळण आलं. रुख्माबाई आणि काजल दोघी फाटकात येऊन उभ्या होत्या, काळजीने. वळलो असतो तर खड्ड्यात चाक गेलं असतं आणि तो जागा झाला असता. मी त्यांना तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि सरळ पुढे आर्वीच्या रस्त्याला लागलो.

तुमचा,
लक्ष्मणराव